निर्दोष निघालेल्या गिअरबॉक्सविरुद्ध तक्रार

तीर्थस्वरूप दाजींना,

कंबर आखडलेली असल्यामुळे साष्टांग जमत नाही, तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या जेवढं वाकता येतं तेवढा नमस्कार. तुमच्या डोळ्यावरची पट्टी निघाली असं ताईच्या फोनवरून कळलं आणि फार आनंद झाला. आता हे पत्र तुम्हाला स्वतःला वाचता येईल, ताईकडून वाचून घ्यावं लागणार नाही, हा त्यातला मुख्य आनंद. (ताईला हे पत्र दाखवू नये. विचारलंच तर दाराच्या मापांचं आहे म्हणून सांगावं.) रक्तदाब कसा आहे? मीठ सोडलंत की नुसतं ताईसमोर सोडलंत? माझा गुडघा उत्तम आहे. त्याबद्दल हिनं ताईला फोनवर काही सांगितलं असेल तर ते ऐकीव समजावं. बाकी इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची रीत आहे, पण मी उगाच खोटं लिहीत नाही. इकडे काहीही कुशल नाही, आणि त्याला कारण तुम्ही आहात.

आठवत नसेल तर आठवण करून देतो. पाच महिन्यांपूर्वी तुम्ही आमच्या दारांच्या कारखान्याच्या अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मी जुन्या गाडीतून उतरलो, उतरताना जरा दाराला धरलं, आणि तुम्ही चहाचा कप खाली ठेवून सगळ्यांसमोर म्हणालात की आता क्लचची गाडी पुरे झाली, ऑटोमॅटिक पिकअप घे, तिला गिअर टाकावा लागत नाही, तिचं ती ठरवते. मी तेव्हाच म्हणणार होतो की गाडीनं स्वतः ठरवायचं म्हणजे मग मी कशाला. पण तुम्ही वडील माणूस, शिवाय चहा आमचाच होता, म्हणून गप्प बसलो. दाजी, तुमची गाडी ऑटोमॅटिक आहे हे मान्य. पण ती तुम्ही घरापासून दवाखान्यापर्यंत आणि दवाखान्यापासून घरापर्यंत नेता, आणि मागे तुमच्या औषधांची पिशवी असते. माझ्या मागे सागवानी दारं असतात. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? मी अडतीस वर्षं डाव्या पायानं क्लच दाबून या शहरातल्या निम्म्या घरांची दारं पोचवली, आणि एकाही दारानं कधी तक्रार केली नाही. तुमच्या एका वाक्यावर ही आणि आमची थोरली लेक दोघी एक झाल्या, आठ दिवसांत जुनी गाडी गेली आणि ही पांढरी बया अंगणात येऊन उभी राहिली. (जुनी गाडी ज्यानं घेतली तो रोज समोरून जातो. मी तिकडे बघत नाही.)

आता बयेचे गुण ऐका. सुरुवात ठीक. पहिल्यातून दुसऱ्यात जाते, तेही ठीक. पण दुसऱ्यातून तिसऱ्यात जायची वेळ आली की असा काही हिसका देते, की कोणीतरी मागून सदऱ्याला धरून ओढावं. मग पुढे जाते, मग परत ओढते. चढावर तर आणखी मजा. इंजिन ओरडतं, आवाज वर जातो, आणि गाडी आपली जागेवर विचार करत उभी. मागून लोक हॉर्न वाजवतात ते मला. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यासाठी काचेची तावदानं घातलेलं दार नेत होतो, ते याच हिसक्यात वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत तडकलं. डॉक्टरीणबाई तडकलेल्या काचेवरून बोट फिरवत माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मला माझे दोन पडलेले दात आठवले. दार थोरलीनं पुन्हा करून दिलं आणि ते पोचवायला स्वतः गेली. तिनं नेलेलं दार तडकलं नाही. हा निव्वळ योगायोग आहे, पण आमच्या घरात योगायोगाला पुरावा म्हणायची पद्धत आहे.

त्याच संध्याकाळी ठराव झाला. गाडी हिसके देते हे सगळ्यांना मान्य, वाद एवढाच की दोष कुणाचा. हिचं मत तुम्हाला ठाऊक आहेच. नाचता येईना अंगण वाकडं, असं तिनं पोळपाट पुसता पुसता म्हटलं आणि आत निघून गेली. थोरली म्हणाली की बाबा, भांडण नको, नीट तपासून घेऊ. (ही मुलगी वकील व्हायची ती दारांत आली.) तपासणीत गिअरबॉक्सचा दोष निघाला तर गाडी दुरुस्त करायची आणि पूर्वीसारखी मी चालवायची. गिअरबॉक्स निर्दोष निघाला तर किल्ली थोरलीकडे. मग गाडी ती चालवणार आणि मी तिच्या शेजारच्या सीटवर बसणार. बसून काय करायचं हे मी विचारलं, तर म्हणे पत्ता सांगायचा. दाजी, ज्याला गाडी चालवता येते त्याला पत्ता सांगायला बसवणं हा काय प्रकार आहे? जगातले सगळे लोक आपल्या गाडीत बिघाड निघू नये म्हणून देव पाण्यात घालून बसतात. तो निघावा म्हणून बसणारा मीच पहिला असेन.

सगळ्यात आधी आपल्या जुन्या गॅरेजवाल्या मिस्त्रीकडे गेलो. तुम्ही त्याला ओळखता, तो बोलताना पाना हातात धरतो आणि ऐकताना खिशात ठेवतो. त्यानं इंजिन चालू ठेवून तेलाची पट्टी बाहेर काढली. मी म्हटलं, अरे, तेल बघताना इंजिन बंद ठेवतात, एवढंही माहीत नाही? तो म्हणाला, ते इंजिनाचं तेल, हे गिअरबॉक्सचं, हे गाडी गरम आणि चालू असतानाच बघायचं. यावर आमचा पंधरा मिनिटं वाद झाला आणि तेवढ्यात गाडी पुरेशी गरम झाली, एवढा त्याचा उपयोग. तेल पातळीत बरोबर. रंगानं लालबुंद. मिस्त्रीनं ते दोन बोटांत चोळलं, वास घेतला आणि म्हणाला, स्वच्छ आहे, जळलेलं नाही. मी वास घेतला, मला जळका वाटला. त्यानं परत घेतला, त्याला नाही वाटला. शेवटी शेजारच्या शिंप्याला पंच म्हणून बोलावलं. त्यानं डोळे मिटून लांबलचक वास घेतला आणि सांगितलं की नव्या रबरी चपलेसारखा येतो, जळका नाही. ज्याला सुई आणि दोरा सोडून दुसरं काही ठाऊक नाही त्याच्या नाकावर माझं भवितव्य ठरावं, याचा मला अजून राग येतो.

तरी मी हट्टानं खालचं झाकण काढायला लावलं. त्यात एक लोहचुंबक असतं, झिजलेल्या लोखंडाचा कीस त्याला चिकटतो. मी गाडीखाली डोकं घालून बघितलं आणि मला हर्ष झाला, कारण चुंबकावर करड्या रंगाचा थर होता. मी बाहेर येऊन जाहीर केलं की गिअरबॉक्स आतून खलास झाला आहे. मिस्त्री म्हणाला, मालक, एवढा थर नव्या गाडीतही निघतो, रोज कंगव्यात चार केस निघतात म्हणून माणूस टकला झाला असं म्हणतात का? (माझ्या डोक्याकडे बघायची काही गरज नव्हती.) मग त्यानं तेल बदललं, गाळणी बदलली, झाकण लावलं आणि म्हणाला, चला, चक्कर मारू, तुम्ही चालवा, मी शेजारी बसून बघतो. मी म्हटलं, मी कशाला, रोग गाडीला आहे, तूच चालव. तो दाणे खात, एका हातानं, मोठ्या रस्त्यानं चढापर्यंत जाऊन परत आला. गाडीनं हूं की चूं केलं नाही. डॉक्टरच्या खोलीत शिरल्याबरोबर ताप उतरणारे लबाड रोगी असतात ना, त्यातली ही जात. मिस्त्रीनं उतरून दार लावलं, माझ्या हातात किल्ली दिली आणि सांगितलं की गाडी ठणठणीत आहे. मी घरी येताना बरोबर त्याच चढावर तिनं मला चार हिसके दिले. घरी सांगितलं की मिस्त्रीला काही कळत नाही.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं झालं. थोरलीनं गावाबाहेरच्या एका गिअरबॉक्सवाल्या बाईंचा पत्ता काढला. त्या फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बघतात, दुसरं काही बघत नाहीत. वय थोरलीएवढंच, पण मला पहिल्यापासून काका म्हणायला लागल्या. जागा इतकी स्वच्छ की मी पायरीवर बूट काढले, आणि त्यांनी ते परत घालायला सांगितले. त्यांनी वास घेतला नाही, चुंबक बघितलं नाही. स्टेअरिंगच्या खाली एक खाच असते, तिथे वायर लावली, वायरचं दुसरं टोक लॅपटॉपला, आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसल्या. म्हणाल्या, काका, रोज चालवता तशी चालवा. मी म्हटलं, तुम्ही चालवा, रोग गाडीला आहे. त्या म्हणाल्या, मग गाडीला रोज भेटतात तीच माणसं भेटू देत. मी किल्ली फिरवली. चालवली. बारा मिनिटं. गाडीनं माझी लाज राखली, भरपूर हिसके दिले. प्रत्येक हिसक्याला मी त्यांच्याकडे विजयी मुद्रेनं बघत होतो, आणि त्या लॅपटॉपवरची नजर काढून माझ्या पायांकडे बघत होत्या.

परत आल्यावर त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर दोन रेघा. निळी रेघ उजव्या पायाची, म्हणजे वेग. लाल रेघ ब्रेकची. निळी जिथे जिथे खाली यायची तिथे तिथे लाल उसळी मारून वर, बारा मिनिटांत त्रेसष्ट वेळा. म्हणाल्या, "काका, ही गाडी दोघं जण चालवतायत. एक तुमचा उजवा पाय आणि एक डावा. आणि दोघांचं आपसात बोलणं नाही."

दाजी, खुलासा करतो, कारण यात माझी काही चूक नाही. इंजिनाचा आवाज चढला की गिअर बदलायची वेळ झाली हे डोक्याला सांगावं लागत नाही, पायाला कळतं. उजवा पाय सुटतो, डावा दाबतो. हे अडतीस वर्षांचं वळण आहे. आता तिथे क्लच नाही यात पायाचा काय दोष? कंपनीनं क्लच काढून टाकला आणि त्याच्या जागेपर्यंत ब्रेकचं पेडल रुंद करून ठेवलं, हा सापळा नाही तर काय? गाडी बिचारी तिसऱ्यात जायला निघते आणि नेमक्या त्या क्षणी मी तिच्या पायात पाय घालतो, असं त्या बाईंचं म्हणणं. (बिचारी हा शब्द त्यांचा.) शिवाय दांड्याचं प्रकरण. त्या बारा मिनिटांत मी गिअरचा दांडा एकेचाळीस वेळा पुढेमागे केला म्हणे. चढ आला की खाली ओढायचा, चढ संपला की वर ढकलायचा, हाताला काहीतरी काम नको का? त्यांनी दांड्याखालचं आवरण उघडलं आणि टाचणीनं एक प्लॅस्टिकची कडी बाहेर काढली, सदऱ्याच्या बटणाएवढी. ती झिजून वाकडी झाली होती. त्यामुळे दांडा वरच्या खुणेवर असला तरी आतली तार कधीकधी खालच्यावरच राहायची, आणि चढावरची ओरड त्यातून.

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, सापडला की नाही दोष? गाडीचाच होता की नाही? त्या हो म्हणाल्या. मग म्हणाल्या की ही कडी सहसा आठ-दहा वर्षं टिकते, तुम्ही पाच महिन्यांत संपवलीत, असं मी पहिल्यांदा बघतेय. त्या आवाजात थोडं कौतुकही होतं असं मला वाटलं. कडी बदलली, वीस मिनिटांत. मग त्यांनी तपासणीचा कागद लिहायला घेतला. पहिली ओळ, दांड्याची कडी झिजली होती, बदलली. दुसरी ओळ, चालक दोन्ही पायांनी चालवतो, गिअरबॉक्स निर्दोष. मी म्हटलं, बाई, या दोन ओळी दोन वेगवेगळ्या कागदांवर द्याल का? त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि दोन कागद करून दिले. त्या दिवशी घरी मी पहिला कागद टेबलाच्या मधोमध ठेवला. थोरलीनं दोनदा वाचला आणि म्हणाली, बरं झालं बाबा. ही काही बोलली नाही. ही बोलत नाही तेव्हा मला जेवण जात नाही, पण ठरावाप्रमाणे मी जिंकलो आणि किल्ली माझ्या खिशात राहिली.

तेव्हा सारांश असा की दोष गाडीत होता हे लेखी सिद्ध झालं आहे, ऑटोमॅटिक ही गोष्ट कष्टाळू माणसासाठी नाही, आणि तुमच्या सल्ल्यानं आमच्या घरात जो कलह माजला त्याची नैतिक जबाबदारी तुमच्यावर आहे. ताईला नमस्कार. डोळ्यात थेंब वेळेवर घालावेत. मीठ खाऊ नये, निदान उघड्यावर खाऊ नये.

आपला रागावलेला, पण आज्ञेतला,
मेहुणा

ता.क. एक छोटं काम होतं. तुम्ही ऑटोमॅटिक वापरणारे म्हणून आमच्या घरात तुमच्या शब्दाला वजन आहे. हिला चार ओळींचं पत्र टाकावं की अशा कड्या झिजतातच, तुमच्याही गाडीची एकदा झिजली होती, आणि त्यात चालवणाऱ्याचा दोष नसतो. तुमची झिजली नसेल याची मला कल्पना आहे. एकदा झिजली असं म्हटल्यानं काही बिघडत नाही.

ता.क. दुसरा. वरचा ता.क. परवा लिहिला होता. हिला ते चार ओळींचं पत्र पाठवू नका. हे लिहिणार नव्हतो, पण मग कोणाला लिहू? काल सकाळी दारं भरायला गाडी मागे घेत होतो. थोरली मागे उभी राहून हातानं खुणा करत होती, या, या, अजून या. गाडी मागे घेताना आपण काय करतो, क्लच हळूहळू सोडत जातो आणि उजव्यानं थोडा थोडा वेग देतो. तेच केलं. फक्त डाव्या पायाखाली क्लच नव्हता, ब्रेक होता. तो हळूहळू सुटला आणि गाडीनं मागे उडी मारली. ती बाजूला झाली म्हणून. दारांच्या थप्पीला गाडी टेकून थांबली, आणि ती उभी होती तिथे तिची पेन्सिल पडली होती, चाकाखाली. कडी नवी होती, दाजी. दोष द्यायला काहीही शिल्लक नव्हतं. मी उतरलो आणि दाराला धरून उभा राहिलो. ओरडेल, रडेल, आईला हाक मारेल असं वाटलं होतं. तिनं पेन्सिल उचलली, दोन तुकडे झाले होते ते खिशात ठेवले आणि म्हणाली, "बाबा, चहा ठेवते." आईला तिनं अजून सांगितलेलं नाही. मी भीतीनं आजारी पडायचा राहिलो आहे. तेव्हा खरं काम हे की येत्या रविवारी तुम्ही यावं, आठ-पंधरा दिवसांसाठी गाडी हवी आहे असं सगळ्यांसमोर म्हणावं आणि किल्ली माझ्याकडून मागून घ्यावी. जाताना ती थोरलीकडे देऊन जावी. मला स्वतःला तिच्या हातात देणं जमेल असं वाटत नाही. दुसरा कागद सोबत जोडला आहे, तुम्ही वाचून फाडून टाका. की नको, जपूनच ठेवा.

ता.क. तिसरा. रविवारी यायची घाई करू नये. थोरली आत्ता वर आली आणि पोस्टात काही टाकायचं आहे का विचारलं, तिला खिडक्यांची मापं घ्यायला त्याच बाजूला जायचं होतं, पायी. मी किल्ली काढली. टेबलावर ठेवणार होतो, पण हातातच दिली. म्हणाली, लगेच आणून देते. मी म्हटलं, राहू दे तुझ्याकडे. तिनं ती मुठीत धरली. मला वाटलं आता थोरली काहीतरी बोलणार, मग मलाही बोलावं लागणार, आणि सगळी पंचाईत होणार. पण शेवटी रक्त माझंच. म्हणाली, "सीट पुढे घ्यावी लागेल." अंगणात दारं रचलेली आहेत म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन तिनं गाडी वळवून आणली, आणि मी खिडकीशी कान देऊन उभा होतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात कधी गेली ते मला कळलंसुद्धा नाही. मला, दाजी. याचा मला किती संताप आला आणि किती बरं वाटलं हे एका पत्रात मावणार नाही. पाकीट बंद करतो. ती खाली केव्हाची थांबली आहे आणि हॉर्नसुद्धा वाजवत नाही. मी वाजवला असता.